श्रावण पाळायचा म्हणून दारू एकदम तोडू नका: डिटॉक्समध्ये नेमकं काय करतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. थोरले दीर, वय ४६. पंधरा-सोळा वर्षांची दारू. गेली चार वर्षं रोज दोन क्वार्टर, आणि सकाळी चहाच्या आधी एक पेग घेतल्याशिवाय हात स्थिर होत नाही. गेल्या वर्षी गटारी झाली आणि श्रावण पाळायचा म्हणून त्यांनी एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिट आली, तिसऱ्या रात्री भिंतीवर माणसं दिसायला लागली. घाबरून घरच्यांनीच पुन्हा बाटली आणून दिली. यंदा ते स्वतःहून सोडायची म्हणतात. मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणून घरीच सोडवता येईल का, आणि दवाखान्यात डिटॉक्स करतात म्हणजे काय करतात?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, यांच्या बाबतीत घरी अजिबात नको. ज्याला दारू तुटल्यावर एकदा फिट आली आहे, त्याला पुढच्या वेळी ती येण्याची शक्यता जास्त असते. सोडून पुन्हा सुरू, पुन्हा सोडून पुन्हा सुरू, असं जितक्या वेळा होतं तितका पुढचा विड्रॉल, म्हणजे दारू तुटल्यावर होणारा त्रास, आधीपेक्षा जोरात येतो. मेंदू दर वेळी जास्त चटकन पेट घेतो म्हणा. म्हणून ‘मागच्या वेळी निभावलं, यंदाही निभावेल’ हा हिशोब इथे उलटा आहे.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचे उपचार आपोआप कळतील. मेंदूत एक रसायन शांत करणारं आहे, गाबा; एक उत्तेजित करणारं, ग्लुटामेट. दोघांची कायम रस्सीखेच चालू असते. दारू गाबाच्या बाजूने दोर ओढते आणि ग्लुटामेटला दाबते. वर्षानुवर्षं रोज असं झालं की मेंदू तोल राखण्यासाठी ग्लुटामेटच्या बाजूला जास्त गडी उभे करतो. मग एके दिवशी गाबाच्या बाजूने ओढणारी दारू अचानक दोर सोडून देते, आणि समोरची सगळी फौज एका दिशेला कोसळते. हात थरथरणं, घाम, धडधड, झोप उडणं, फिट, भास हे सगळं त्या कोसळण्यातून येतं. हा इच्छाशक्तीचा प्रश्न नाही. खरं सांगायचं तर गेल्या वर्षी तुमच्या दिरांची इच्छाशक्ती पुरेशी होती. शरीर तयार नव्हतं.

दोन क्वार्टर म्हणजे किती, तेही पाहू. क्वार्टर १८० मिलीची. विदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ३० मिलीच्या एका पेगात सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं, म्हणजे दोन क्वार्टरमध्ये १२० ग्रॅम. बिअरवाले स्वतःला यातून वगळतात, ते चूक आहे: ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत ४० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असतं. रोज तीन बाटल्या घेणारा माणूस तुमच्या दिरांच्याच रांगेत आहे. डॉक्टरांना हा आकडा खरा सांगा. निम्मा सांगितला तर औषधही निम्मंच सुरू होईल.

विड्रॉलचं घड्याळ शेवटच्या पेगपासून सुरू होतं. सहा ते बारा तासांत थरथर, घाम, मळमळ, बेचैनी. फिट येण्याचा धोका सहा तासांपासून अठ्ठेचाळीस तासांपर्यंत, मोठा भाग पहिल्या दीड दिवसात. बारा तासांनंतर काहींना आवाज ऐकू येतात, माणसं किंवा किडे दिसतात; पण त्यांना वार, ठिकाण, समोरचं माणूस कळत असतं. आणि अठ्ठेचाळीस ते शहाण्णव तासांच्या मधे सगळ्यात वाईट टप्पा येऊ शकतो, डिलिरियम ट्रेमेन्स, दवाखान्याच्या भाषेत डीटी. इथे शुद्धच हरपते. माणूस चादरीवरून नसलेली मुंगी चिमटीत धरून बाजूला टाकत राहतो. शिंपी असेल तर हवेत सुईत दोरा ओवतो, ड्रायव्हर पलंगाच्या दांडीला गिअर समजून ओढतो. ताप चढतो, नाडी १२० च्या वर जाते, रक्तदाब वाढतो. डीटी शंभरातल्या पाचेक जणांनाच होतो. पण जुन्या काळी, उपचार हाताशी नव्हते तेव्हा, डीटी झालेल्या तिघांतला एक दगावायचा अशा नोंदी आहेत. आज वेळेवर उपचार मिळाले तर हे प्रमाण शंभरात एक ते पाचवर येतं. वॉर्डात दाखल करायचं ते या फरकासाठी.

घरचे फसतात ते बहुतेक तिसऱ्या दिवशी. पहिले दोन दिवस कसेबसे निघाले की ‘आता उतरली’ असं वाटतं, रात्री जागणारं माणूस झोपी जातं, आणि डीटी नेमका त्याच रात्री येतो.

आता वॉर्डात काय होतं. दाखल करून घेताना शेवटचा पेग कधी घेतला ती वेळ लिहून घेतात, नाडी, रक्तदाब, ताप, ऑक्सिजन पाहतात आणि बोटाला टोचून साखर लगेच बघतात. दारुड्या म्हणून ज्याला सोडून दिलं तो प्रत्यक्षात साखर उतरून बेशुद्ध पडलेला असतो, असं होतं. रक्तात हिमोग्लोबिन, प्लेटलेट, लिव्हरच्या तपासण्या, रक्त गोठायचा वेळ, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम. मॅग्नेशियम मुद्दाम सांगतो, कारण ते बऱ्याच ठिकाणी राहून जातं. ते कमी असेल तर फिटचा धोका वाढतो, पोटॅशियम भरूनही वर येत नाही, आणि थायमिन द्यावं तसं लागू पडत नाही. डोक्याला मार लागल्याची खूण असेल, एका बाजूचा हात-पाय ढिला वाटत असेल, किंवा फिट एकाच अंगाला आली असेल तर डोक्याचा सीटी स्कॅन. पिणारा माणूस पडतो, आणि कवटीच्या आत हळूहळू साचणारं रक्त विड्रॉलसारखंच दिसू शकतं.

यानंतरचं पहिलं औषध थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. रोज पिणाऱ्याच्या जेवणातून ते मिळत नाही, मिळालेलं आतड्यातून नीट शोषलं जात नाही, आणि बिघडलेलं लिव्हर ते साठवत नाही. मेंदूला साखर जाळायला थायमिन लागतं. अशा माणसाला नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर शिल्लक राहिलेलं थोडंफार थायमिनही त्यात खर्च होतं, आणि वेर्निके नावाचा मेंदूचा आजार उद्भवू शकतो: डोळे तिरके होणं किंवा बुबुळं थरथरणं, चालताना झोकांड्या, आणि गोंधळलेपण. ही तिन्ही लक्षणं एकत्र फार थोड्यांत दिसतात, त्यामुळे झोकांड्या बघून ‘अजून प्यायलेलाच आहे’ असं म्हणून सोडून देणं हा मोठा घोटाळा ठरतो. उपचार चुकले तर स्मृती कायमची जाते. सकाळी कोण भेटायला आलं होतं ते दुपारी सांगता येत नाही, आणि माणूस ती रिकामी जागा मनाने रचलेल्या गोष्टींनी भरतो. म्हणून थरथरणाऱ्या माणसाला गल्लीतल्या दवाखान्यात नेऊन ‘ताकदीचं सलाईन लावा’ म्हणू नका. आधी किंवा निदान सोबत थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज, हा क्रम तोंडपाठ ठेवा. साखर धोकादायक उतरली असेल तर अर्थातच ग्लुकोज अडवायचं नाही, दोन्ही बरोबर द्यायची. साधारण रुग्णाला तीन ते पाच दिवस रोज इंजेक्शन, मग गोळ्या. वेर्निकेचा संशय आला तर शिरेतून २०० ते ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. सुरुवातीला गोळ्यांवर भागत नाही, पोटातून पुरेसं आत जातच नाही.

मुख्य औषध क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम. ही गाबाच्या बाजूने, दारूने सोडलेला तोच दोर धरतात, आणि मग आम्ही तो पाच ते सात दिवसांत सावकाश ढिला सोडतो. सगळी युक्ती एवढीच आहे. मध्यम व्यसनात पहिल्या दिवशी क्लोरडायझेपॉक्साइड ८० ते १०० मिलिग्रॅम, चार वेळांत विभागून, आणि मग रोज पाचवा हिस्सा कमी, असा ढोबळ आराखडा असतो. तुमच्या दिरांसारख्या, फिटचा इतिहास असलेल्या रुग्णाला सुरुवात याहून जास्त लागू शकते. लिव्हर खराब असेल, पोटात पाणी असेल, वय साठीच्या पुढे असेल तर लोराझेपाम, कारण ते खराब लिव्हरमध्येही साचून राहत नाही. आकडे दिले ते वॉर्डात काय चाललंय ते तुम्हाला कळावं म्हणून. हे घरी करायचं गणित नाही: हीच गोळी दारूबरोबर गेली तर श्वास मंदावतो.

डोस ठरतो तो समोरचा माणूस पाहून. सिस्टर दर काही तासांनी येतात आणि म्हणतात, ‘काका, दोन्ही हात समोर करा, बोटं फाकवा.’ थरथर डोळ्यांना दिसते की नुसती बोटांच्या टोकांना हात लावल्यावर जाणवते, यात फरक आहे, आणि त्याला वेगळे गुण आहेत. कपाळावर दव जमल्यासारखा घाम आहे की नुसते तळवे ओले आहेत? ट्यूबलाइट डोळ्यांत खुपते का? अंगावर मुंग्या चालल्यासारखं वाटतं का? आज कोणता वार? अशा दहा गोष्टींचे गुण मिळून जास्तीत जास्त ६७ होतात. आठच्या आत असेल तर बहुधा वेगळी गोळी लागत नाही. पंधराच्या पुढे गेला की डॉक्टरांना बोलावलं जातं. गुण पाहून औषध दिलं की एकूण औषध कमी लागतं. पण त्यासाठी रात्री तीन वाजता उठून गुण लिहिणारी शिकलेली नर्स हवी. ती नसेल तिथे ठरलेल्या वेळी ठरलेला डोस देणं जास्त सुरक्षित.

चुका कुठे होतात? सगळ्यात जास्त डोस कमी पडण्यात. ‘गोळीची सवय लागेल’ या भीतीने पहिल्याच दिवशी हात आखडता घेतला जातो आणि तिसऱ्या दिवशी आयसीयू गाठावं लागतं. पहिले दोन दिवस भरपूर, मग ठामपणे कमी, हे बरोबर. दुसरी चूक उलटी: गुंगीत असलेल्या रुग्णाला ‘शांत आहे’ म्हणून पुढचा डोस चढवणं. लिव्हर निकामी होऊन गुंगी येते तेव्हा ही औषधं तिला आणखी खोल नेतात. पसरलेले हात पंखासारखे फडफडत असतील आणि माणूस सुस्त असेल, तर आधी थांबून विचार करायचा. भास होतात म्हणून नुसतं हॅलोपेरिडॉल, म्हणजे भास कमी करणारं औषध, देणं ही तिसरी. त्याने फिट येणं सोपं होतं, ते द्यायचंच तर मुख्य औषधाच्या सोबतीला. विड्रॉलच्या फिटसाठी फेनिटॉइन, म्हणजे मिरगीचं औषध, चालू करून निर्धास्त होणं ही चौथी. त्या फिटला त्याचा उपयोग होत नाही. ताप आला की तो विड्रॉलचाच असं धरून छातीचा एक्स-रे न काढणं हीसुद्धा महागात पडते, कारण न्यूमोनिया याच रुग्णांना होतो.

रुग्ण उठून पळू लागला तर घरचे विचारतात, बांधून ठेवा ना. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू-ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक स्थितीचाही समावेश आहे, आणि साखळीने बांधायला त्यात सरसकट मनाई आहे. शिवाय ते वैद्यकीयदृष्ट्याही घातक: गोंधळलेला माणूस बांधला की जिवाच्या आकांताने झटतो, अंग तापतं, स्नायू तुटतात, किडनी बसते. दिवा चालू ठेवा, घड्याळ दिसेल असं लावा, ओळखीचं एक माणूस उशाशी बसवा, आणि औषध पुरेसं द्या. दाखल करण्याबद्दलही इथेच सांगतो. दीर स्वतः तयार आहेत, त्यामुळे ते स्वतःच्या सहीने दाखल होतील. तीच सर्वात चांगली वाट. माणूस निर्णय घेण्याच्या स्थितीतच नसेल तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे त्याच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या माणसाच्या, अर्जावर, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर, ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. रात्री गाडी पाठवून माणूस उचलून नेणाऱ्या जागेच्या नादी लागू नका.

जागा निवडताना खोल्या आणि बाग बघण्याआधी हे विचारा: रात्री डॉक्टर कुठे असतात? नर्स किती, नाडी-रक्तदाब किती तासांनी लिहितात? ऑक्सिजन आहे का? फिट थांबली नाही तर कोणत्या आयसीयूत नेता, किती मिनिटांत? कायद्याखालची नोंदणी दाखवाल का? उत्तरं गुळमुळीत आली तर डिटॉक्स आधी जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात करून घ्या आणि समुपदेशनासाठी नंतर केंद्रात जा. व्यसनमुक्ती केंद्र आणि डिटॉक्सचा वॉर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या ठिकाणीही खरं काम चालतं ते विड्रॉल शमल्यावरच्या आठवड्यांत.

घरी डिटॉक्स कुणाचं होऊ शकतं? आधी कधी फिट किंवा डीटी नाही, लिव्हर-हृदयाचा मोठा आजार नाही, गरोदरपण नाही, आत्महत्येचे विचार नाहीत, झोपेच्या गोळ्यांची वेगळी सवय नाही, न पिणारं एक मोठं माणूस चोवीस तास सोबत आहे, डॉक्टर रोज भेटतात किंवा फोनवर असतात, आणि दवाखाना अर्ध्या तासाच्या आत आहे. गोळ्या एका वेळी एका दिवसाच्याच, त्याही घरच्यांच्या ताब्यात. पिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना एवढं पुरतं, यात शंका नाही. तुमच्या दिरांना पहिल्याच अटीवर थांबावं लागतं.

दुसऱ्या कशासाठी दवाखान्यात दाखल झालं तरी दारू अशीच एकदम तुटते, म्हणून ऑपरेशनच्या आधी पिण्याबद्दल खरं बोला. पाय मोडून दाखल झालेला माणूस तिसऱ्या रात्री सलाईन उपटून ‘ट्रेन चुकेल’ म्हणत खाली उतरतो, आणि सगळ्यांना वाटतं भूल चढली. नातेवाइकांनी लाजेपोटी ‘कधीतरी घेतो’ असं सांगितलेलं असतं.

दारूखेरीज बाकीचं थोडक्यात. ब्राउन शुगरची (भेसळीच्या हेरॉइनची) टर्की, म्हणजे तिचा विड्रॉल, आठ-बारा तासांत सुरू होते, दीड ते तीन दिवसांत शिगेला पोहोचते: हाडं मोडल्यासारखी दुखतात, नाक-डोळे गळतात, जुलाब होतात. भयंकर त्रास, पण जिवावर सहसा बेतत नाही. त्यावर बुप्रेनॉर्फिन, म्हणजे हेरॉइनच्याच जातीचं पण सुरक्षित औषध, जिभेखाली देतात, मात्र टर्की नीट सुरू झाल्यावरच. घाईने आधी दिलं तर तेच औषध टर्की ओढून आणतं. खरा धोका डिटॉक्सनंतर आहे. सहनशक्ती उतरलेली असते आणि माणूस जुन्याच मापाने घेतो, श्वास बंद पडतो. म्हणून ब्राउन शुगरमध्ये नुसतं डिटॉक्स करून घरी पाठवणं मला पटत नाही, बुप्रेनॉर्फिन महिनोन्महिने चालू ठेवणं सुरक्षित. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या मात्र दारूच्याच जातीच्या: एकदम तोडल्या तर फिट येते, त्या आठवडे-महिने घेऊन उतरवाव्या लागतात. भेसळीच्या ताडीतही हीच औषधं किंवा क्लोरल हायड्रेट नावाचं गुंगीचं रसायन घातलेलं असतं, तेव्हा ‘फक्त ताडी पितो’ म्हणणाऱ्यालाही तितकंच जपा.

आणि एक कळकळीची विनंती. डायसल्फिराम नावाची गोळी आहे. ती घेतल्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. माणसाच्या संमतीने, घरच्यांच्या देखरेखीखाली, शेवटच्या पेगनंतर निदान एक दिवस गेल्यावर दिली तर ती कामाची आहे. पण ‘न कळत दारू सोडवा’ म्हणून भाजीत, चहात मिसळायला मिळणाऱ्या पुड्यांत हीच असू शकते. माणसाला माहीत नसताना ती पोटात असेल आणि तो प्यायला, तर हृदय थांबू शकतं. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम होऊ शकतो. चोरून कधीही देऊ नका.

सातव्या-आठव्या दिवशी दीर घरी येतील तेव्हा हात स्थिर असेल, भूक लागेल, आणि सगळ्यांना वाटेल झालं काम. झालं ते एवढंच की आता सोडणं सुरक्षितपणे सुरू झालं. झोप काही आठवडे तुटक राहते, चिडचीड राहते, ओढ अचानक उसळते. त्यासाठी लिव्हर-किडनी पाहून नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट देतात, खराब लिव्हरमध्ये बॅक्लोफेन. समुपदेशन आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या मदतगटाच्या बैठका त्याच आठवड्यात सुरू व्हाव्यात. महिनाभराने जाऊ म्हटलं की राहतं. डिटॉक्सच्या गोळ्या कागदावर लिहिलेल्या तारखेला बंद झाल्याच पाहिजेत. तीच चिठ्ठी दाखवून पुढे सहा महिने गोळ्या घेत राहणारे आहेत.

आता बेड मिळेपर्यंत काय करायचं? दारू बंद करायची नाही. हे लिहिताना मलाही जड जातं, पण तुमच्या दिरांनी दाखल होण्याच्या तारखेपर्यंत रोजच्या मापातच घ्यावी, वाढवू नये, एकदम तोडू नये, गाडी चालवू नये. दोन वेळा पोटभर जेवण द्या आणि डॉक्टरांना विचारून थायमिन १०० मिलिग्रॅमची गोळी आजपासून सुरू करा. मधेच फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली कपडा द्या, वेळ बघा. तोंडात चमचा नको, नाकाला कांदा किंवा चप्पल नको. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८ ला फोन करा. थांबली तरी त्याच दिवशी दवाखाना. एका कागदावर लिहून ठेवा: रोजचं माप, गेल्या वर्षीची फिट किती तासांनी आली, चालू असलेली सगळी औषधं, कावीळ किंवा रक्ताची उलटी कधी झाली होती का. बेड कुठे मिळेल ते कळत नसेल तर १४४४६ या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर विचारा, दोन्ही मोफत आहेत. आणि तारीख श्रावणाच्या आधीची घ्या, म्हणजे दीर यंदाचा श्रावण वॉर्डातून घरी आल्यावर पाळतील.